चारशे नंबरचा पेपर

रविवारी पहाटे साडेपाचला बेंगळुरूच्या विल्सन गार्डनमधल्या एका गल्लीत चार जुन्या गाड्या एकापाठोपाठ सुरू झाल्या, तेव्हा दोन-तीन घरांत दिवे लागले. ओरडलं मात्र कुणी नाही. गल्लीला आता सवय झाली आहे. मॉरिस मायनरची चावी फिरवली की इंजिनाआधी तिचा पेट्रोल पंप बोलायला लागतो, टिक टिक टिक. कार्बोरेटर भरला की तो गप्प होतो, आणि मगच स्टार्टर ओढायचा. ॲम्बॅसेडर मार्क टू आधी खोकते, मग धूर सोडते, मग रुळावर येते. फियाट ११०० डिलाइट पहिल्या हिसक्यात सुरू होते, कारण ती मिस्त्रींची स्वतःची. सगळ्यांत शेवटी १९५७ ची गोलमटोल फियाट. महाराष्ट्रात तिला आजही 'डुक्कर फियाट' म्हणतात, आणि तेही लाडानं.

मिस्त्री हे काही नाव नव्हे. बेळगावात त्यांच्या वडिलांनाही लोक मिस्त्रीच म्हणत. बेंगळुरूत कानडी जिभेवर त्याचं 'मेस्त्री' झालं, एवढाच फरक. वय अठ्ठावन्न. १९८६ साली एक ट्रंक आणि वडिलांचे पाने घेऊन ते या शहरात आले, ते इथलेच झाले. गेली तीसेक वर्षं त्यांचा धंदा एकच, जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्या. नव्या गाड्यांचं काम ते घेत नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणतात, "त्यांना डॉक्टर वेगळे, मी वैद्य."

त्या रविवारी चार गाड्यांना जायचं होतं श्रीरंगपट्टणला. तिथे मैसूर रस्त्यावर 'पयण' नावाचं गाड्यांचं संग्रहालय २०२३ मध्ये सुरू झालं. कानडीत पयण म्हणजे प्रवास. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या जुन्या गाड्या तिथे मांडल्या आहेत. मिस्त्रींच्या मंडळींनी ठरवलं, आपण आपल्या गाड्या घेऊनच गाड्या बघायला जाऊ. ना स्पर्धा, ना बक्षीस, ना बॅनर.

---

संग्रहालय या प्रकाराशी मिस्त्रींची ओळख जुनी आहे, आणि ती हौसेतून झालेली नाही. १९८६-८७ मध्ये ते ज्या गॅरेजात उमेदवारी करत होते, तिथे त्यांना इंजिन उघडायची परवानगी नव्हती. गाड्या धुवायच्या, चाकं काढायची, चहा आणायचा, संपलं. इंजिन उघडत ते हेडमिस्त्री, तेही पाठ फिरवून, जणू स्वयंपाकातला गुपित मसाला. मग सुटीच्या दिवशी हा पोरगा कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयात जायला लागला. १९६२ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीत इंजिनांचं एक दालन आहे. तिथे त्यांनी पहिल्यांदा इंजिन आतून पाहिलं. पिस्टन वर येतो तेव्हा कुठला वॉल्व्ह मिटलेला असतो, कॅमशाफ्ट अर्ध्या वेगानं का फिरतो, हे सगळं काचेपलीकडे कुणीही न ओरडता समजावून सांगत होतं. तिकीट परवडायचं नाही तेव्हा ते पुढच्या सुटीपर्यंत थांबत.

ज्यांच्या नावानं ते संग्रहालय आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात, नोकरीला लागले मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून नावाजले गेले. हे मिस्त्रींना बेळगावच्या शाळेत शिकवलेलं होतं. भारतात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून याच विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात जंग जंग पछाडलं, हे मात्र फार नंतर कळलं. त्यांच्या जोडीला होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. इंग्रज सरकारनं दाद दिली नाही. वालचंदांनी मग १९४० च्या डिसेंबरात मैसूर संस्थानाच्या भागीदारीत बेंगळुरूमध्ये विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा एचएएल. मोटारींचं स्वप्न १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' या नावानं मार्गी लागलं आणि कुर्ल्यात गाड्या तयार व्हायला लागल्या. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ, मग १९५४ पासून फियाट ११००.

म्हणून कुणी विचारलं की बेंगळुरूत राहून तुम्हाला फियाटचंच एवढं वेड का, तर मिस्त्री सांगतात, "सोलापूरच्या माणसानं इथे विमान बनवलं आणि मुंबईत गाडी. मी बेळगावचा, मधल्या रस्त्यावरचा. मला दोन्हीकडून हक्क आहे."

---

धंद्याची पहिली दहा वर्षं त्यांना वाटे, हे काम हातांचं आहे. पुढच्या दहा वर्षांत कळलं, हे काम पायांचं आहे. जुनी गाडी दुरुस्त करण्यात दिवस कमी जातात, तिचे सुटे भाग शोधण्यात जास्त. जेसी रोडवरची दुकानं, शिवाजीनगरची गुजरी, आणि तिथे नाही मिळालं तर रात्रीची बस धरून मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार. गुजरी हा कानडी शब्द भंगारासाठी, पण मिस्त्रींच्या तोंडी तो एखाद्या पेठेच्या नावासारखा येतो. तिथल्या जुन्या दुकानदारांपैकी काहींना नंबर सांगावा लागत नाही. पंपाचा डायफ्रॅम हातात धरून दाखवला की ते ढिगाऱ्याच्या नेमक्या कोपऱ्यात हात घालतात.

त्यांच्या गॅरेजात पान्यांच्या तीन पेट्या आहेत. लाल पेटी फियाटची, मिलिमीटरच्या मापाची. निळी पेटी इंचाच्या मापाची, अमेरिकन गाड्यांसाठी आणि युद्धानंतरच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांसाठी. तिसरी काळी पेटी व्हिटवर्थ मापाची, युद्धापूर्वीच्या इंग्लिश गाड्यांची. या पान्यांवर लिहिलेला आकडा नटाच्या डोक्याचा नसतोच, तो बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे नवखा माणूस हमखास चकतो. नवा मुलगा कामाला आला की पहिला महिनाभर त्याचं काम एकच, संध्याकाळी सगळे पाने आपापल्या पेटीत परत ठेवायचे. चुकीच्या मापाचा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजतात. झिजलेल्या नटाच्या जागी नवा मिळेल, पण मूळचा ज्या कारखान्यानं बनवला तो बंद होऊन साठ वर्षं झालेली असतात.

मूळचं काय होतं ते बघायचं शिक्षण त्यांना एका १९३४ च्या ऑस्टिन सेव्हननं दिलं. ती गाडी त्यांनी वर्षभर खपून तयार केली आणि मालकानं ती एका प्रदर्शनात उतरवली. परीक्षक आले, हातात कागद. रंग पाहिला, मान डोलावली. इंजिन पाहिलं, मान डोलावली. मग खाली वाकून दाराच्या पट्टीवरच्या स्क्रूंवर बोट ठेवलं. सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे, म्हणजे गॅरेजात ज्यांना स्टार स्क्रू म्हणतात ते. त्या काळच्या त्या गाडीला सरळ चिरेचे स्क्रू असणार. गुण कापले गेले. मालक मिस्त्रींवर चिडला, मिस्त्री परीक्षकावर. रात्री घरी आल्यावर मात्र त्यांनी बायकोला सांगितलं, "त्याचं बरोबर होतं. मी नुसतं घट्ट बसतंय एवढंच बघितलं."

त्यानंतर ते काटेकोर झाले. इतके, की गिऱ्हाइकं कंटाळू लागली.

---

या धंद्यात फजितीही पुष्कळ. एप्रिल महिन्यात एका ओळखीच्या घरच्या लग्नाला त्यांनी आपली डिलाइट नवरदेवाच्या वरातीसाठी नेली. दुपारचे साडेबारा, गाडी मुंगीच्या चालीनं, पुढे बँड. कार्यालय शंभर पावलांवर असताना इंजिन बंद. पुन्हा सुरू होईना. बँडवाल्यांनी एकच गाणं चार वेळा वाजवलं. मिस्त्रींना कारण माहीत होतं. या फियाटचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, आणि गाडी हळू चालली की वारा लागत नाही. उकाड्यात पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ नाही. उपाय एकच, पंप थंड करायचा. पण हाताशी फडकं नव्हतं. शेवटी नवरदेवाच्या मामांनी आपलं जरीचं उपरणं काढून दिलं. ते पाण्यात बुडवून पंपाला गुंडाळलं, पाच मिनिटं गेली, गाडी सुरू झाली. मामांनी ते उपरणं, ऑइलच्या डागासकट, तसंच खांद्यावर टाकलं आणि दिवसभर ज्याला त्याला त्या डागाची गोष्ट सांगितली.

"माझ्या पॉलिशची गोष्ट त्या लग्नात कुणी केली नाही," मिस्त्री सांगतात. त्या वेळी त्यांना याचं वाईट वाटलं होतं.

जुन्या गाडीला बाहेरचं जगही स्वस्थ बसू देत नाही. २००० सालाच्या फेब्रुवारीत देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते उत्तमच झालं, पण जुन्या इंजिनांच्या वॉल्व्हच्या बैठका शिशाच्या थरावर टिकत होत्या, त्या झिजू लागल्या. मिस्त्रींनी कितीतरी सिलिंडर हेड उतरवून त्यात कडक पोलादाच्या रिंगा बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबराच्या नळ्या त्यानं फुगतात, मऊ होतात. म्हणून चारही गाड्यांच्या नळ्या बदललेल्या. दर वीस-पंचवीस वर्षांनी जग बदलतं आणि बॉनेट उघडावं लागतं.

कागदपत्रांचं आणखी निराळं. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायची. मिस्त्रींचं लक्ष अडलं ते 'मूळ रूपात' या दोन शब्दांवर. मूळ म्हणजे कुठलं? कारखान्यातून निघालेलं, की पन्नास वर्षं एका घरात राहून झालेलं?

हा प्रश्न त्यांना एका डिकीनं घातला होता, नियम येण्याच्या बरीच वर्षं आधी.

---

ती डुक्कर फियाट बसवनगुडीतल्या एका मराठी कुटुंबाची. १९५७ च्या सुरुवातीला घेतलेली, पुढची दारं उलटी उघडणारी. गाडी वीस वर्षं शेडमध्ये पडून होती. टायर जमिनीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांची घरटी. घरातल्या नातवाला ती पुन्हा चालवायची होती. मिस्त्रींनी काम घेतलं आणि ऑस्टिनच्या वेळी गेलेले गुण वसूल करायचेच, अशा इरेला पेटून केलं. इंजिन बोअर केलं, पिस्टन बदलले, पत्र्याचं सगळं काम हातानं ठोकून केलं, लांबी जेवढी कमी भरता येईल तेवढी. रंगाचे थर चढले, प्रत्येक थरानंतर वॉटर पेपरनं घासणं. आधी एकशेवीस नंबर, मग दोनशेवीस, मग चारशे, मग हजार. जिथे कारखान्यानंही कधी लक्ष दिलं नव्हतं तिथे त्यांनी दिलं. बॉनेटच्या आत, दारांच्या कडांत, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथला मूळ रंग खडबडीत, निस्तेज, त्यावर काहीतरी काळपट रेघोट्या. चारशे नंबरच्या पेपरनं त्यांनी स्वतः ते झाकण घासलं. अर्ध्या तासात साफ. वर चकचकीत रंग. इतका, की डिकी उघडली की त्यात चेहरा दिसे.

गाडी न्यायला नातवाबरोबर आजी आल्या. नव्वदीला टेकलेल्या, नऊवारीत. त्यांनी गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. दार उघडून सीटवर बसून पाहिलं. मग म्हणाल्या, "डिकी उघड रे."

डिकी उघडली. त्या बराच वेळ झाकणाच्या आत बघत राहिल्या. मग मिस्त्रींना म्हणाल्या, "इथे ह्यांनी लिहिलं होतं ना."

दरवर्षी मे महिन्यात ते कुटुंब याच गाडीनं पुण्याला आजींच्या माहेरी जायचं. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा. जिथे जिथे पेट्रोल भरलं तिथे आजोबा डिकीतून पाण्याची कळशी काढताना खिशातली पेन्सिल काढून झाकणाच्या आत टिपून ठेवत. गाव, तारीख, किती भरलं, किती पैसे. सुरुवातीच्या ओळींत गॅलन होते आणि रुपये-आणे. मग हळूहळू आण्यांच्या जागी नये पैसे आले, कारण १९५७ च्या एप्रिलपासून नाणी दशमान झाली होती. काही वर्षांनी गॅलन जाऊन लिटर आले. आजींना ओळी पाठ नव्हत्या, पण क्रम पाठ होता. कुठल्या वर्षी कोल्हापूरची नोंद नाही, कारण त्या वर्षी पंचगंगेच्या अलीकडेच गाडीचा पट्टा तुटला आणि रात्र एका अनोळखी घरी काढली, हेही.

त्या रागावल्या नाहीत. "छान केलीत हो गाडी," एवढंच म्हणाल्या. नातवानं पैसे पूर्ण दिले. मिस्त्री त्या रात्री जेवले नाहीत, हे त्यांच्या बायकोनं सांगितलं. ते स्वतः या प्रसंगाबद्दल बोलताना फक्त पेपरचा नंबर सांगतात. चारशे. पेन्सिल घालवायला तेवढा पुरतो.

पुढे कधीतरी त्यांना कळलं की जगभरात याच प्रश्नावर विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची इटलीतल्या ट्युरिन शहराच्या नावानं ओळखली जाणारी 'ट्युरिन सनद' ही तत्त्वं आहेत. वाहन जसं आहे तसं जपणं आधी. नव्यासारखं करणं, गरज असेल तेवढंच आणि नंतर. वापरानं पडलेल्या खुणा हासुद्धा त्या वाहनाचा इतिहासच. मोठमोठ्या परदेशी प्रदर्शनांत आता रंग उडालेल्या, कधीच न उघडलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग असतो. मिस्त्री हे ऐकून एवढंच म्हणाले, "आजींनी मला इटलीच्या आधी सांगितलं."

त्या दिवसानंतर गॅरेजची पद्धत बदलली. गाडी आली की पाना लागत नाही. आधी मालकाला, आणि घरात असेल तर सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, गाडीत बसवायचं. इंजिन बंद, चहा हातात. अर्धा तास बोलू द्यायचं. कामाला आलेल्या मुलीनं, हो, गेली चार वर्षं त्यांच्याकडे डिप्लोमा झालेली एक मुलगी काम करते, ते वहीत लिहून घ्यायचं. मग प्रत्येक कोपऱ्याचे फोटो. या वहीमुळे एका ॲम्बॅसेडरच्या मागच्या सीटखालचं सुपारीचं खोबण वाचलं आणि एका बेंगळुरूच्याच सिपानी डॉल्फिनच्या फायबरच्या बॉडीवर मालकिणीनं स्वतः दिलेला ब्रशाचा हातही वाचला. डॉल्फिन ही १९८० च्या दशकात याच शहरात बनलेली, दोन दारांची चिमुकली गाडी. तिला प्रदर्शनात लोक हसतात. मिस्त्री हसत नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतःच्या हिमतीवर बनवली आणि ती कधीच बाजारात येऊ शकली नाही, हे ज्या माणसाला माहीत आहे तो बाजारात आलेल्या कुठल्याच गाडीला हसत नाही.

---

त्या रविवारी बिडदीला तट्टे इडली, रामनगरच्या खडकांवर ऊन. २०२३ च्या मार्चमध्ये खुल्या झालेल्या एक्स्प्रेसवेवर या गाड्या गेल्या नाहीत. तिथे शंभरच्या वेगानं जाणाऱ्यांच्या मध्ये साठनं चालणारी मॉरिस म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपास करणारा पाहुणा. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानांवरून, मद्दूरच्या वड्यांच्या वासातून, मंड्याच्या उसाच्या ट्रॅक्टरांमागून, जुन्या रस्त्यानं चौघी निघाल्या. ॲम्बॅसेडर दोनदा तापली. मॉरिसचा दिवा गेला, तो दिवसा गेला म्हणून चाललं.

पयणमध्ये मिस्त्री सकाळी दहाला शिरले आणि साडेबाराला बाहेर आले. त्यांची बघायची रीत निराळी. आधी गाडीच्या खालची फरशी बघतात. तेलाचा थेंब शोधायची सवय जात नाही. मग खोल श्वास घेतात. मग म्हणतात, पेट्रोलचा वास नाही. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून. शांत, स्वच्छ, उजेडात उभ्या असलेल्या गाड्यांसमोरून ते हात मागे बांधून फिरले, कारण हात मोकळे असले की ते बॉनेटकडे जातात. एका गाडीपाशी त्यांनी गॅरेजातल्या मुलीला बोलावलं आणि स्क्रू दाखवले. सरळ चिरेचे. दोघंही समाधानानं पुढे गेले.

खरं प्रदर्शन तोवर बाहेर पार्किंगमध्ये भरलं होतं, कुणी न भरवता. संग्रहालय बघून निघालेली माणसं या चार धुळकट गाड्यांभोवती थांबत होती. आत जे दोरीपलीकडे होतं, ते इथे हाताला लागत होतं. एका लहान मुलानं विचारलं, चार्जिंग कुठून करतात. त्याच्या वडिलांनी सांगितलं ते अर्धं चुकीचं होतं, मिस्त्रींनी दुरुस्त केलं नाही. मैसूरच्या एका गृहस्थांनी जावाची आठवण काढली. मैसूरमध्ये १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी मोटरसायकली बनायच्या, त्यांचे काका त्या कारखान्यात होते. कोल्हापूरहून मैसूर बघायला आलेल्या एका कुटुंबानं लगेच दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या छत्रपतींच्या मेबॅकचा विषय काढला, आणि आमच्या गावच्या गाडीपुढे ही काय, असा भाव चेहऱ्यावर आणून डुक्कर फियाटशेजारी आठ फोटो काढले.

लुंगी नेसलेले सत्तरीचे एक गृहस्थ मात्र डिलाइटपाशी नुसतेच उभे होते. मंड्याचे, पूर्वी टॅक्सी चालवायचे. मुंबईतही चार वर्षं चालवलेली, काळी-पिवळी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. मिस्त्रींनी दार उघडून दिलं. ते बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि मग डावा हात, न बघता, स्टिअरिंगखालच्या गिअरकडे गेला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन बंदच. पुन्हा खाली, चौथा, तिसरा, दुसरा. मग कानडीत म्हणाले, "दुसरा जरा अडतो." मिस्त्रींनी मान हलवली. तो खरंच अडतो, तीन वर्षं झाली, आणि आजवर हे दुसऱ्या कुणाच्या हाताला कळलेलं नव्हतं. मुलीनं वही काढली.

परतताना मद्दूरच्या पुढे एका पंपावर चौघींनी पेट्रोल भरलं. डुक्कर फियाट चालवणारा नातू आता चाळिशीचा आहे. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानं पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली आणि झाकण वर धरून थोडा वेळ उभा राहिला. मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि झाकणाच्या आत लिहायचा प्रयत्न केला. चकचकीत रंगावरून शिसं घसरलं. पुन्हा दाबून लिहिलं, पुन्हा घसरलं, नुसता ओरखडा.

मिस्त्री बघत होते. ते आपल्या डिलाइटकडे गेले, लाल पेटी उघडली आणि तळातून एक चौकोनी तुकडा काढला. चारशे नंबरचा. बाटलीतलं थोडं पाणी त्यावर टाकून त्यांनी स्वतः दिलेल्या रंगावर, झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात, हाताच्या तळव्याएवढी जागा घासायला सुरुवात केली. गोल गोल नाही, सरळ. चकाकी गेली, तिथे पांढुरकं, निस्तेज असं काहीतरी आलं. फडक्यानं पुसून त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"आता लिही," ते म्हणाले. "बारीक अक्षरात लिही. जागा लागेल."

नातवानं गाव लिहिलं, तारीख लिहिली. मग पंपावरच्या आकड्याकडे बघायला मान वळवली.